ऑनर्सचे चौथे वर्ष आणि गेडिस यांचे इंदूर

मध्य प्रदेशातील महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. त्या वर्षी बी. ए.ला प्रवेश घेणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना पुढे चारही वर्षे ‘पहिली तुकडी’ हे बिरुद चिकटले. पहिली तुकडी असण्याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोणत्याही खिडकीवर जाऊन प्रश्न विचारला तरी खिडकीपलीकडचा माणूसही तो प्रश्न प्रथमच ऐकत असे. इंदूरच्या एका महाविद्यालयात मी इतिहास मेजर (मुख्य विषय) आणि राज्यशास्त्र मायनर (दुय्यम विषय) घेतले होते. व्यावसायिक विषय म्हणून जी यादी समोर आली, तीत व्यक्तिमत्त्व विकास आणि जैविक शेती असे पर्याय होते, त्यांतला दुसरा मी निवडला. घरात त्यावर बरीच थट्टा झाली, कारण लोकमान्य नगरातल्या आमच्या घराला तुळशीच्या कुंडीपुरतीच शेती आहे. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा होती. मी तसे न करता चौथे वर्ष केले, तेही संशोधनासह. आता ओळखीच्या मराठी घरांतून ‘हे ऑनर्स म्हणजे नक्की काय, आणि आमच्या मुलीने ते करावे का’ अशी विचारणा वरचेवर होते, म्हणून अर्जापासून तोंडी परीक्षेपर्यंत जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

नियम थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजले जाणारे एकक) आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६० क्रेडिट मिळवावे लागतात. चौथ्या वर्षी दोन वाटा फुटतात. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी असलेल्या विद्यार्थ्याला संशोधनाची वाट घेता येते आणि त्याला १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प करावा लागतो. जो ती वाट घेत नाही, त्याने त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन जादा अभ्यासक्रम पूर्ण केले की त्याला साधे ऑनर्स मिळते. संशोधनाच्या वाटेचे आकर्षण असे, की पीएच. डी.च्या २०२२ च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम. ए. न करताही पीएच. डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि २०२४ पासून त्याच अटीवर नेटलाही (राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही) बसता येते. ज्याला एम. ए. करायचेच आहे, त्याच्यासाठी ते एका वर्षाचे होते.

बाबांचा आक्षेप मात्र नियमांपाशी नव्हता. माझ्या वर्गातील बहुतेक मुले तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका हाती पडताच भंवरकुआँच्या कोचिंग क्लासांकडे वळली होती. राज्य लोकसेवा आयोगाची तयारी हा इंदुरात एक स्वतंत्र उद्योगच आहे, आणि ज्यांना तो नको होता त्यांनी नेहमीचे दोन वर्षांचे एम. ए. धरले होते. ‘सगळे मूर्ख आणि तू एकटी शहाणी का?’ हा बाबांचा प्रश्न तसा रास्त होता. त्यावर आईने हिशेब मांडला, की तीन अधिक दोन पाच आणि चार अधिक एकही पाचच, तेव्हा वर्ष वाया जाते म्हणणे खरे नाही. बाबांनी विचारले, की तो ‘अधिक एक’ आपल्या शहरात प्रत्यक्ष सुरू होईल याची हमी कोण देतो? त्या वेळी तशी हमी कोणीच देऊ शकत नव्हते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला विनाहमीचा व्यवहार पटणे कठीण असते. अखेर ‘तुझी तू जबाबदार’ या वाक्यावर परवानगी मिळाली. आमच्या घरात ही संमतीची सर्वांत उदार रीत समजली जाते.

अर्जाचा नमुना फसवा होता, म्हणजे दिसायला अगदी सोपा होता. नाव, नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे गुण, क्रेडिट बँकेचा (मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) ओळख क्रमांक, संशोधनाचे क्षेत्र, अर्धे पान ‘हेतू’ आणि शेवटी मार्गदर्शकाची संमती व स्वाक्षरी. क्रेडिट बँकेच्या रकान्याने काही काळ छळले, कारण माझ्या खात्यात जैविक शेतीचे क्रेडिट चढलेच नव्हते. महाविद्यालय म्हणे विद्यापीठात विचारा आणि विद्यापीठ म्हणे महाविद्यालयाने माहिती पाठवलेली नाही. या तऱ्हेची येरझार प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या नशिबाप्रमाणे केलेली असल्याने तिचे वर्णन वाढवत नाही. एवढेच सांगते, की तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट न पाहता, आधीच्या दोन वर्षांचे क्रेडिट खात्यावर बरोबर चढले आहेत ना, हे आधीच पाहून ठेवावे.

खरा अवघड रकाना स्वाक्षरीचा होता. मार्गदर्शक होण्यास पात्र असलेले शिक्षक विभागात मोजके असतात, त्यांच्याकडे पीएच. डी.चे विद्यार्थी आधीपासून असतात, आणि बी. ए.च्या मुलीच्या प्रबंधासाठी वेळ देण्याने त्यांना काही विशेष लाभ होत नाही. ज्या मॅडमकडे मी गेले, त्यांचा स्वतःचा विषय मध्ययुगीन माळवा. मी त्यांना उत्साहाने सांगितले, की मला इंदूरच्या नगररचनेवर काम करायचे आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “विषय मत लाओ बेटा, सवाल लेकर आओ.” स्वाक्षरी त्या दिवशी झाली नाही. मी जे प्रश्न घेऊन पुन्हा गेले, त्यांतले बहुतेक त्यांनी एका ओळीत निकाली काढले. या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कागदात आहे, तो कागद कोठे आहे आणि तो तुला वाचता येतो का, अशी त्यांची तीन पायऱ्यांची चाळणी होती. होळकरशाहीच्या जुन्या दफ्तरांतला मजकूर मोडी लिपीत आहे आणि मला मोडी येत नाही, म्हणून माझे दोन आवडते प्रश्न तिसऱ्याच पायरीवर गळाले. मराठी घरात जन्मलेल्या मुलीला हे जरा लागले, पण वर्षभरात मोडी शिकून त्याच वर्षात प्रबंध लिहिण्याची कल्पना मॅडमनी साफ झिडकारली, आणि त्यांचेच बरोबर होते.

चाळणीतून जे उरले ते पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार म्हणून प्रसिद्धीस आलेले हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले, अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले आणि पुढे १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारासाठी त्यांनी इंदूरचा जो अहवाल लिहिला, तो १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. त्यांच्या भारतातील अहवालांपैकी तो सर्वांत विस्तृत अहवालांत गणला जातो. प्लेगने शहराला ग्रासले होते, गिरण्या वाढत होत्या, आणि दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे हाच त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. गेडिस यांनी तो नाकारला. मोजकी मोडकळीस आलेली घरे काढावीत, उरलेली दुरुस्त करावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावावे, विहिरी आणि नदीकाठ राखावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच अहवालात इंदूर येथे मध्य भारतासाठी विद्यापीठ असावे म्हणून त्यांनी सविस्तर योजनाही मांडली आहे. विद्यापीठ इंदुरात आले ते १९६४ मध्ये, आणि आज ते अहिल्याबाईंच्या नावाने चालते. ज्या योजनेच्या विद्यापीठाला प्रत्यक्षात यायला एवढा काळ लागला, तिच्याच कर्त्यावर त्या शहरातली विद्यार्थिनी लिहिते आहे, ही गंमत माझ्या हेतूपत्राच्या अर्ध्या पानात मी मोठ्या आवडीने घातली होती. मॅडमनी ती काढायला लावली.

स्वाक्षरी मिळाली, अर्ज स्वीकारला गेला, आणि सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा संक्षिप्त आराखडा, समितीपुढे मांडण्याची वेळ आली. समितीत विभागप्रमुख, दुसऱ्या विभागाचे एक प्राध्यापक आणि बाहेरून आलेले एक सदस्य होते. माझ्या पहिल्या मसुद्याचा विषय ‘पॅट्रिक गेडिस आणि इंदूरची नगररचना’ असा होता, आणि त्यात मला स्वतःला फार आवडलेली एक साखळी होती. ती साखळी जैविक शेतीच्या तासाला सुचली होती. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ आम्ही त्या विषयात शिकलो होतो. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ती विकसित केली, आणि तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक त्यांनी यशवंत वाड या रसायनतज्ज्ञ सहकाऱ्यासह लिहिले. (वाड हे आडनाव ऐकताच आजोबा म्हणाले, “म्हणजे आपल्यातलेच!” मॅडमच्या चाळणीत हा पुरावा टिकला नसता.) गेडिस यांनी १९१८ मध्ये लिहिले, की शहराचा मैला आणि सांडपाणी ही घाण नसून जमिनीचे अन्न आहे, ते बागांना आणि शेतांना द्यावे, हॉवर्ड यांनी त्याच शहरात सहा-सात वर्षांनी टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसवायला घेतली, आणि २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. या तीन गोष्टी एका ओळीत ठेवल्या की चित्र इतके सुरेख दिसते, की ते खरे असलेच पाहिजे असे वाटू लागते.

बाहेरून आलेल्या सदस्यांनी शांतपणे एवढेच विचारले, की हॉवर्ड यांनी गेडिस यांचा अहवाल वाचला होता याचा लेखी पुरावा काय? माझ्याकडे तो नव्हता. दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक मात्र त्या साखळीवर खूष झाले होते. इंदूरचा पहिला क्रमांक शंभर वर्षांपूर्वीच्या अहवालात रुजला आहे, असे लिहिलेस तर वर्तमानपत्रेही छापतील, असे ते उत्साहाने म्हणाले. एकाच टेबलाशी बसलेल्या दोन जाणत्यांपैकी एक जण माझ्या मसुद्यातली सर्वांत कच्ची गोष्ट काढून टाकायला सांगत होता आणि दुसरा तिचेच शीर्षक करायला सांगत होता. विद्यार्थ्याने अशा वेळी काय करायचे असते, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. सिनॉप्सिस सुधारून आणण्याच्या सूचनेसह परत आला. मॅडमनी बाहेर आल्यावर विचारले, की यातला कोणता भाग तू कागद दाखवून सिद्ध करू शकतेस. मी म्हटले, गेडिस यांचे सांडपाण्यासंबंधीचे प्रतिपादन. “बस, वही करो.”

अशा रीतीने ‘इंदूरची नगररचना’ आकसत आकसत शहराच्या सांडपाण्यापाशी येऊन थांबली. दरबारापुढे जमिनीखालून नळ घालून सांडपाणी वाहून नेण्याची खर्चीक योजना अभियंत्यांनी मांडली होती. गेडिस यांनी तिला विरोध करून स्वस्त आणि बागांवर आधारलेला पर्याय सुचवला. तो विरोध त्यांनी कोणत्या मुद्द्यांवर उभा केला, त्यात खर्चाचा, आरोग्याचा आणि नदीचा युक्तिवाद कसा गुंफला, आणि पुढच्या दशकातील होळकर राज्याच्या छापील प्रशासन-अहवालांत त्याचा काही माग लागतो का, एवढाच प्रश्न उरला. सुधारलेला सिनॉप्सिस मंजूर झाला. आईला विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली, “चार वर्षे शिकून गटारावर प्रबंध? लग्नाच्या बैठकीत विचारले तर काय सांगायचे?” नदीवर आहे असे सांग, असे मी सुचवले, आणि ते अगदीच खोटेही नव्हते.

चौथ्या वर्षाचे बाकीचे पेपर आधीच्या वर्षांसारखेच होते, तेव्हा त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. संशोधनपद्धतीच्या पेपराबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही शाखांच्या मुलांना एका वर्गात बसवून नमुना-निवड, गृहीतक-चाचणी आणि सरासरीपासूनचे विचलन शिकवले गेले. प्रश्नावली भरून घेणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण जुना छापील अहवाल कसा वाचावा, तो कोणाला उद्देशून लिहिलेला आहे हे कसे ओळखावे, तळटीप कशी द्यावी आणि दोन प्रतींत फरक आढळला तर काय करावे, या गोष्टींना त्या पेपरात मिळून एका तासापेक्षा जास्त जागा नव्हती. त्या सगळ्या मी मॅडमच्या खोलीत, त्यांच्या दोन तासिकांमधल्या मोकळ्या वेळात शिकले. संशोधनासह ऑनर्सचा दर्जा कागदावर विद्यापीठ ठरवत असेल, प्रत्यक्षात तो त्या मोकळ्या वेळावर ठरतो. ज्या मैत्रिणीचे मार्गदर्शक प्रशासकीय कामात बुडालेले होते, तिने माझ्याइतकेच कष्ट केले आणि तिला कोणी ‘हे काढून टाक’ असे म्हणालेच नाही.

आता कागदांविषयी. गेडिस यांचा अहवाल इंटरनेटवर स्कॅन केलेला सापडतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात मला वाटले की निम्मे काम झाले. मजकूर सहज वाचता येत होता; अडचण नकाशांची होती. जुन्या ग्रंथांत मोठा नकाशा घडी घालून बांधलेला असतो, आणि स्कॅन करणाऱ्याने मला मिळालेल्या प्रतीत तो उलगडलाच नव्हता. पानाएवढा जो भाग वर दिसत होता, तेवढ्याचाच फोटो होता. नदी नेमकी घडीच्या आत गेली होती. प्रबंध नदीकाठच्या बागांवर आणि मला नदीच दिसत नाही, अशी अवस्था. शेवटी शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात छापील प्रत असल्याचे कळले. तेथील ग्रंथपाल काकांनी आधी मला न्याहाळले, मग मॅडमचे पत्र वाचले, मग पुन्हा मला न्याहाळले. नकाशा त्यांनी स्वतः उलगडला, मला हात लावू दिला नाही. टेबलावर आधी त्यांनी स्वच्छ पांढरे कापड अंथरले, वरची घडी डाव्या तळव्याने दाबून धरली आणि उजव्या हाताने एकेक पट अगदी सावकाश पुढे सरकवला. घडीच्या रेषांवर कागद तपकिरी पडला होता आणि मागून कोणी तरी कधी काळी कापडाची पट्टी चिकटवलेली होती, म्हणून तो फाटला नाही. फोटो काढायला परवानगी नव्हती. पेन्सिलीने वहीत उतरवून घ्यायला होती. मी कान्ह आणि सरस्वती या दोन्ही नद्यांची वळणे, पूल आणि काठच्या मोकळ्या जागा वहीत उतरवत राहिले, आणि काका घड्याळाकडे न पाहता शेजारी उभे राहिले.

ती वही घेऊन मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून (होळकरांच्या नदीकाठच्या स्मारकांपासून) काठाकाठाने चालत गेले. मॅडमची ताकीद होती, की तिथे जाऊन काय असायला हवे होते ते लिहू नकोस, काय आहे ते लिही. काय आहे, तर काठाला बांधलेल्या भिंती, त्यांना लागून घरांच्या पाठी, भिंतींत वेगवेगळ्या काळी बसवलेले आणि आता बंद केलेले पाइपांचे तोंड. नदीत थेट पडणारे नाले अडवण्याचे मोठे काम महापालिकेने अलीकडच्या वर्षांत केले आणि २०२१ मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदी-नाल्यांत न सोडणारे, शहर ठरले. त्याच्या खुणा काठावर जागोजागी दिसतात. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मी काय लिहिते आहे ते विचारले आणि महापालिकेची समजून आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या चेंबरची रीतसर तक्रार नोंदवून घ्यायला सांगितले. ती मी लिहून घेतली. प्रबंधात तिला जागा नव्हती.

गेडिस यांच्या अहवालात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते त्यांच्या लिहिण्याच्या रीतीने. ते अभियंत्यांचे आकडे खोडून काढतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. नळातून नदीत गेलेली घाण खालच्या गावाला प्यावी लागेल, तेच पाणी बागेत गेले तर भाजी येईल, असे दोन्ही बाजूंचे चित्र ते दरबाराच्या डोळ्यांपुढे उभे करतात. लोकांपुढे तर त्यांनी चित्र अक्षरशः उभे केले. दिवाळीच्या दिवसांत त्यांनी काढलेल्या मिरवणुकीची हकीकत त्यांच्या चरित्रांतून प्रसिद्ध आहे. ज्या गल्ल्या आपली घरे सर्वांत चांगली झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवतील त्यांतूनच मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि त्यांच्या मागून स्वच्छ कपड्यांतले सफाई कामगार आपल्या धुतलेल्या गाड्यांसह सन्मानाने चालले होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचेही दहन झाले. जी गोष्ट हुकमाने झाली नसती, ती गल्लीगल्लीतल्या चढाओढीने झाली. स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांकनाची आठवण येथे कोणालाही येईल. मलाही आली, आणि एक पूर्ण परिच्छेद लिहूनही झाला. मॅडमनी त्यावर काट मारली नाही, समासात फक्त ‘पुरावा?’ एवढे लिहिले. मी तो परिच्छेद प्रस्तावनेत एका वाक्यावर आणला आणि त्या वाक्यात साम्य सांगितले, संबंध सांगितला नाही.

प्रशासन-अहवालांनी मात्र माझी निराशा केली. खर्चाच्या ओळी मिळाल्या, विभागांची नावे मिळाली. पण मला जे अहवाल पाहता आले, त्यांवरून दरबाराने गेडिस यांचे म्हणणे मानले, की पैशाअभावी कामच लांबणीवर टाकले, हे ठरवता येत नव्हते. दोन्ही गोष्टींचा जमाखर्च सारखाच दिसतो. तसे मी स्पष्ट लिहिले. प्रबंधाचा हा भाग सर्वांत लहान आहे आणि त्यासाठी सर्वांत जास्त वेळ गेला.

प्रबंध हिंदीत लिहिला, टिपणे मराठीत होती आणि मूळ मजकूर इंग्रजीत. इंदूरच्या मराठी मुलांना त्यात नवे काहीच नाही, घर, रस्ता आणि पुस्तक यांच्या भाषा आमच्याकडे लहानपणापासूनच वेगळ्या असतात. मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याची सॉफ्टवेअरवर साम्यतपासणी झाली तेव्हा १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते की काय अशी धास्ती होती, पण अवतरणे आणि संदर्भ वगळल्यावर आकडा सहज खाली आला. जुळणाऱ्या शब्दांपेक्षा माझ्या तळटिपांनीच जास्त त्रास दिला, कारण दोन खंडांचे पृष्ठांक स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक ठिकाणी खंड कोणता हे पुन्हा तपासावे लागले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी प्रबंध वाचलेला होता. हे वेगळे सांगते, कारण सगळ्यांच्याच नशिबी तसे परीक्षक येत नाहीत. पहिले काही प्रश्न अपेक्षित होते: गेडिसच का, हाच अहवाल का, अभियंत्यांची बाजू फक्त त्यांच्या विरोधकाच्या लेखणीतून वाचून न्याय कसा करता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी मर्यादांचे प्रकरण दाखवले आणि ते त्यांना पुरेसे वाटले. मग त्यांनी विचारले, की शहराचा मैला जे प्रत्यक्ष डोक्यावरून आणि गाड्यांतून वाहत होते, ते लोक तुमच्या प्रबंधात कोठे आहेत? मी म्हटले, मिरवणुकीत आहेत. “आणि मिरवणूक संपल्यावर?” मला जी साधने मिळाली त्यांत इतरांनी त्यांच्याविषयी लिहिलेले आहे, त्यांचे स्वतःचे म्हणणे कोठेही नाही, एवढेच मी सांगू शकले. तो या प्रबंधाचा प्रश्न नाही हे मान्य आहे, असे म्हणून त्यांनी कागदावर काही टिपले आणि दोन तळटिपा दुरुस्त करून बांधीव प्रती देण्यास सांगितले. माझी श्रेणी अपेक्षेपेक्षा थोडी बरी आली.

बाबांचा ‘अधिक एक’ प्रत्यक्षात आला, मला एका वर्षाच्या एम. ए.ला प्रवेश मिळाला. पीएच. डी.साठी थेट अर्ज करता येत होता, पण मॅडमनी विचारले, की पाच वर्षे पुरेल एवढा प्रश्न तुझ्याकडे आहे का, आणि तो माझ्याकडे नव्हता. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी परीक्षकांनी विचारलेल्याच प्रश्नाची मांडणी करून दिली आहे. होळकर राज्यातल्या सफाई कामगारांच्या वस्त्या, त्यांचे वेतन, त्यांच्या तक्रारी, त्यांचे स्थलांतर असे सगळे त्यात आहे. गेल्या आठवड्यात ती मांडणी परत आली. वस्त्यांखाली मॅडमनी रेघ ओढली आहे आणि बाकी सगळ्यावर काट मारली आहे.